डावा खांदा बोटभर खाली

मापांच्या कागदावर नाव नव्हतं, तरी तो कोणाचा आहे हे मला लगेच कळलं. छाती, कंबर, पाठीची उंची, बाहीची लांबी, आणि खाली बारीक अक्षरात, 'डावा खांदा बोटभर खाली.' तो खांदा मी ती नऊ वर्षांची असल्यापासून लपवत आले आहे. कधी आत कापसाची गादी घालून, कधी शालीची घडी त्या बाजूला जरा जास्त टाकून. दुसऱ्या कोणाच्या तो कधी लक्षातही आला नसेल.

कागद पाठवणाऱ्या टोर्किलला मी फोन लावला. टोर्किल वर्षभर शाळेत भूगोल शिकवतो, आणि जुलैतले चार दिवस आमच्या ल्युंगगोरच्या वाडीचा कारभारी असतो. खेळ भरवतोही तोच.

"हा कागद आस्टाचा आहे," मी म्हटलं.

"कागदावर नाव नाही, विबेके."

"मला शेंड्या लावू नकोस."

मागे त्याच्या कॉफीच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. "अगं, मी तिला शब्द दिलाय. येतेय ती. पण तिची अट आहे, खेळाबाहेर तिच्याशी कोणी बोलायचं नाही. विशेषतः..."

"विशेषतः मी."

"हो."

"मग येतेय तरी कशाला?"

"तिला खेळ आवडतो म्हणून! नऊ वर्षांची होती तेव्हापासून खेळतेय. तू तिची आई आहेस म्हणून तिनं खेळही सोडायचा काय?"

मी विचारलं, पोशाख कसला हवाय. तो म्हणाला, दलदलीत जळणासाठी पीटची माती खणणाऱ्या माणसाची विधवा, गरीब, चार गावं फिरून आलेली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग शिवणखोलीत जाऊन दार लावून रडले. तीन वर्षांत तिच्याकडून आलेली ती पहिली ओळ होती, आणि तीही माझ्यासाठी लिहिलेली नव्हती.

आमचा खेळ असा असतो. व्हिबोर्गच्या पुढे माळरानावर एक जुनी वाडी आहे, तिथं आम्ही साठेक माणसं जमतो, मोबाइल एका पत्र्याच्या पेटीत टाकतो आणि चार दिवस सोळाशे सत्त्याण्णव सालातली माणसं होऊन राहतो. कोणी सरदारीण, कोणी पाद्री, कोणी गोठ्यातली मोलकरीण. प्रेक्षक नसतात, संहिता नसते. प्रत्येकाला आपलं सोंग आणि आधी ठरलेले एकदोन प्रसंग ठाऊक असतात, बाकीचं जे घडेल ते घडेल. सोंगातून मध्येच बाहेर पडायचं नाही हा नियम. बाहेर पडायला एकच दार ठेवलंय, तळहात डोक्यावर सपाट ठेवायचा. हात डोक्यावर गेला की ते माणूस सोंग राहिलं नाही, स्वतः झालं. मग जो कोणी सगळ्यात जवळ असेल त्यानं आपलं सोंग टाकून त्याच्याजवळ जायचं आणि एवढंच विचारायचं, "तुला काय हवंय?" 'काय झालं' नाही, 'का' नाही, 'रडतेस कशाला' नाही. हे वाक्य टोर्किल प्रत्येक नवख्याकडून तीनदा घोकून घेतो.

अठरा वर्षांत मी एकदाही डोक्यावर हात ठेवला नव्हता. एकदा पाय मुरगळला तेव्हा बाईसाहेबांना संधिवाताचा झटका आला असं जाहीर करून मी दोन दिवस लंगडत हुकूम सोडले होते. ही गोष्ट लोक नवख्यांना सांगायचे आणि मी शेजारी उभी राहून ऐकायची. मला ती ऐकायला फार आवडायचं, हे कबूल करते.

तीन वर्षांपूर्वी आस्टा एकोणीस वर्षांची होती. खेळाला जाताना गाडीत, सिल्केबोर्गच्या अलीकडे, तिनं सांगितलं की तिनं शिवणाची शाळा सोडली. दोन महिन्यांपूर्वीच. मी ऑर्हुसच्या नाटकगृहात सत्तावीस वर्षं कपडे बेततेय, आणि माझ्यानंतर माझं टेबल तिचं, हे मी तिला न विचारता ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, "खेळ झाल्यावर बोलू." पुढचा तासभर मी एक शब्द बोलले नाही. वाटलं, केवढा संयम माझा.

त्या वर्षी खेळात मी बाईसाहेब होते आणि ती माझी मुलगी. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाणखान्यात, तीसेक माणसांसमोर, मी तिला घराबाहेर काढायचं असं ठरलेलं होतं. तिनं कोणा पीटवाल्याशी लग्न करायचा हट्ट धरला होता म्हणून. मी बोलायला लागले आणि तोंडातून पीटवाला बाहेर आलाच नाही. "मी तुझ्या हातात काय काय दिलं, आणि तू सगळं सांडलंस. तुझ्या हातांचा या घराला काही उपयोग नाही." आवाज माझा स्वतःचा होता. मला तेव्हा तो उत्तम अभिनय वाटला.

आस्टानं डोक्यावर हात ठेवला.

तिच्या डोक्यावर मी केलेलं टोपडं होतं. तारेच्या सांगाड्यावर उभी केलेली लेस, वीतभर उंच, त्या काळातल्या मोठ्या घरच्या बायका घालत तसलं. दोन महिने खपले होते मी त्याच्यावर. तिचा हात वर गेला आणि मला वाटलं, टोपडं सरकतंय. माझ्या डोळ्यांना आधी कापड दिसतं, माणूस नंतर. मी हसून म्हटलं, "सांभाळ, सांभाळ. निदान डोक्यावरचं तरी सांभाळता येतंय का बघ."

नंतर कितीतरी जण येऊन म्हणाले, विबेके, असा प्रसंग आजवर झाला नाही. त्यांनाही टोपडंच दिसलं होतं. आस्टा हात खाली घेऊन, मागच्या दारानं, माळावरून चालत बसथांब्यावर गेली. मला वाटलं, काय सुंदर बाहेर पडली पोरगी.

खेळ संपल्यावर तिच्या तंबूत ते टोपडं सापडलं. घरी आणून टेबलावर ठेवलं आणि पाहिलं. मागची फीत केसांखालून घट्ट बांधलेली, तशीच कापून काढलेली. आठच्या आठ टाचण्या वाकून फितीत अडकलेल्या. मीच लावल्या होत्या त्या. वादळात उभं केलं असतं तरी ते टोपडं एक केसभर हललं नसतं.

तेव्हा कळलं मला, तो हात कशासाठी होता.

मी तिला तीन पत्रं लिहिली. तिन्हीत टोपड्याबद्दल सविस्तर समजावलं, खिडकीतून प्रकाश कसा येत होता, माझ्या जागेवरून काय दिसत होतं. उत्तर आलं नाही. माझ्या बहिणीकडून कळत राहिलं की ती एस्बियरला आहे, फानो बेटाच्या फेरीबोटीवर दोर बांधायचं काम करते, बरी आहे. बरी आहे एवढ्यावर आईनं किती दिवस काढायचे? एकदा मी एस्बियरपर्यंत गाडी चालवत गेले. ती फेरी चार वेळा येताना आणि जाताना पाहिली, आणि परतले. डेकवरची पिवळ्या जाकिटातली माणसं लांबून सगळी सारखी दिसतात. तरी मी प्रत्येकाचा खांदा पाहत होते.

मे महिन्यात शाळेच्या सभागृहात नवख्यांसाठी पोशाखाचा दिवस असतो. यंदा प्रेबेन नावाचा एक दातांचा डॉक्टर आला होता, साठीचा, उत्साहानं नुसता उतू चाललेला. त्यानं दुकानातून झगझगीत निळा झगा आणला होता.

"कसा आहे?" त्यानं गिरकी घेऊन विचारलं.

"चुलीपासून दहा पावलं लांब उभा राहणार असशील तर चांगला आहे," मी म्हटलं. "पॉलिएस्टर आहे ते. एक ठिणगी पडली तर अंगाला चिकटेल. लोकर आण. लोकर जळत नाही, नुसती कुरकुरते, माझ्यासारखी."

"आणि नवी कोरी दिसली तर?"

"मग तिच्यावर अत्याचार कर. कॉफीत उकळ. कोपरांवर नि गुडघ्यांवर किसणी फिरव. खिशात दोन धोंडे घालून आठवडाभर दोरीवर टांग, म्हणजे खिसे ओघळतात. मग अंगात घाल आणि बागेत काम कर. पोशाख उभं राहून आरशात बघायचा नसतो, प्रेबेन. त्यात उकिडवं बसता आलं पाहिजे, पळता आलं पाहिजे, आणि झुडपामागं जाऊन घाईघाईनं परत येता आलं पाहिजे."

सगळे हसले. प्रेबेन मन लावून वहीत टिपून घेत होता, झुडपासकट.

"बुटांचा तळ कोणी बघत नाही, रबर चालेल. मनगटावर उरलेला घड्याळाचा पांढरा पट्टा मात्र सगळ्यांना दिसतो, तो आठवडाभर आधी उन्हात काळवंडू दे. आणि शेवटचं. डोक्यावर जे काही घालाल, टोपी, रुमाल, टोपडं, ते एका ओढीत निघालं पाहिजे, आणि त्याला कधीही हात लावून सांभाळावं लागता कामा नये. सैल असेल तर माझ्याकडे आणा, मी शिवून देईन. पण डोक्याकडे हात नको."

"का?" प्रेबेननं विचारलं.

टोर्किल दाराशी उभा होता, त्यानं खाली पाहिलं. मी म्हटलं, "कारण तो हात दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलाय." वहीत तेही गेलं.

आस्टाचा पोशाख मी पाच आठवडे शिवला. राखाडी लोकरीचा घागरा, तपकिरी चोळी, जाडंभरडं खादीसारखं लिनन. यंत्राची एक शिवण दिसू दिली नाही. कडा कॉफीत बुडवल्या, मग अंगणात पुरल्या, मग उकरून धुतल्या. घागऱ्याच्या आत डाव्या हाताला येईल असा खिसा केला, कारण ती डावरी आहे. विधवा बाईचं डोकं त्या काळात उघडं नसायचं. कोणी तशी आली असती तर मी तिला दारातूनच परत धाडलं असतं. पण मी रुमाल शिवला नाही. डोकं उघडंच ठेवलं, कोणाला काय बोलायचंय ते बोलू दे.

खांद्यात मात्र कापूस घातला. सवयीनं हात तसाच गेला. बोटभर जाडीची गादी, आतून टाके घालून बसवलेली, म्हणजे दोन्ही खांदे सारखे. शेवटचा टाका दातानं तोडला तेव्हा वाटलं, एवढं तरी तिच्या अंगाला लागेल माझं.

जुलैत माळावर उन्ह कडक होतं आणि हेदरच्या झुडपांना नुकते कळे धरले होते. ती पहिल्या दिवशी दुपारी आली, पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन. तीन वर्षांत हात भरले होते तिचे. कपडे अंगावर चोख बसले होते, मला त्यात एक दोषही काढता आला नाही. एरवी मला आनंद झाला असता. ती नोकरांच्या दारानं आत गेली.

आणि मग मला कळलं की मी पुरती अडकलेय. मी बाईसाहेब, ती पीटवाली. बाईसाहेबांना तिच्याकडे ढुंकून पाहायचंही कारण नव्हतं. दोन दिवस मी वरच्या खिडकीत बसून पाहत राहिले, ती विहिरीवर पाणी काढतेय, ती गोठ्याच्या भिंतीला टेकून राय धान्याची काळी भाकर खातेय, आधी कडा आणि मग मऊ भाग, लहानपणी खायची तशी. माझ्या पानातलं हरणाचं मांस तसंच परत जात होतं. एकदा अंगणात समोरासमोर आलो. तिनं रीतीप्रमाणं मान खाली घालून वाट दिली. मी रीतीप्रमाणं निघून गेले. खरं सांगते, त्या क्षणी अठरा वर्षांच्या माझ्या सगळ्या नावलौकिकाला आग लावावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फिर्यादींचा दरबार होता. दिवाणखाना तोच, खिडकीही तीच. मी उंच खुर्चीत, डोक्यावर लेसचं उंच टोपडं, आठ टाचण्यांनी पक्कं केलेलं. उजवीकडे चार पावलांवर कारभारी टोर्किल, डावीकडे तेवढ्याच अंतरावर कारकून प्रेबेन, लोकरीच्या कोटात घामाघूम. लोक येत होते, मागत होते, मी नाकारत होते. बाईसाहेबांनी सगळ्यांना नाकारायचं असं ठरलं होतं, म्हणजे चौथ्या दिवशी बंड होणार.

आस्टा सातवी आली. दोन पावलांवर उभी राहिली.

"काय हवंय हिला?" मी कारभाऱ्याला विचारलं. बाईसाहेब पीटवालीशी थेट बोलत नाहीत.

"उत्तरेच्या दलदलीत पीट खणायची परवानगी मागतेय, बाईसाहेब. आणि हिवाळ्यापुरतं छप्पर."

"तिचं स्वतःचं घर नाही?"

आस्टानं मान वर केली. "होतं, बाईसाहेब. तिथं माझ्या हातांचा उपयोग नव्हता."

आवाज पीटवालीचाच होता, जरा घोगरा, माळावरचा. चेहरा सरळ. ती खेळतेय की सांगतेय हे मला कळेना, आणि कळून घ्यायचा मला काही हक्कही नव्हता. बाईसाहेबांचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. चांगलं होतं. लोकांना आवडलं असतं.

मी टोपड्याकडे हात नेला. त्या तारेच्या सांगाड्यावर तळहात सपाट बसत नाही, ते आधी काढावं लागणार होतं. पहिली टाचणी ओढली. मग दुसरी. टाचण्या खाली पडत होत्या. प्रेबेन लगबगीनं पुढे झाला.

"बाईसाहेब, टोपडं सरकतंय का? धरू का मी?"

"नको, प्रेबेन," मी म्हटलं.

त्याचं खरं नाव उच्चारल्याबरोबर खोलीतली सगळी चुळबुळ थांबली. प्रेबेन हात आखडता घेऊन पार आपल्या जागेपर्यंत मागे सरकला. आठवी टाचणी केसांसकट निघाली. मी टोपडं मांडीवर ठेवलं आणि उजवा तळहात डोक्यावर ठेवला. केस घामानं चिकट झाले होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत नुसती विबेके होते, पन्नाशी उलटलेली, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

सगळ्यात जवळ आस्टा होती. टोर्किलनं एक पाऊल टाकलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. तिची अट त्याला माहीत होती. नियमही त्यानंच केलेला होता.

ती बराच वेळ हलली नाही. मग दोन पावलं पुढे आली आणि तिच्या स्वतःच्या, एस्बियरच्या फेरीवरच्या, माझ्या घरातल्या आवाजात म्हणाली, "तुला काय हवंय?"

"हेच," मी म्हटलं. "हेच मी तुला विचारायला हवं होतं. टोपडं सरकत नव्हतं, आस्टा. मीच लावलं होतं ते, मला माहीत असायला हवं होतं. माझं चुकलं. मी गाडीतला राग तिथं काढला, आणि तू हात वर केलास तर त्याच्यावर विनोद केला. मला माफ कर असं नाही म्हणत. चुकलं एवढंच."

प्रश्न विचारायचा एवढाच नियम आहे. उत्तर संपेपर्यंत थांबलंच पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही. ती थांबली.

"पत्रात हे का नाही लिहिलंस?"

"पत्रात मी टोपड्याबद्दल लिहिलं."

"हो. तिन्ही पत्रांत." तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, हसू होतं की नाही मला सांगता येणार नाही. "टाचण्यांच्या नंबरासकट."

मागे कोणीतरी नाक ओढलं. बहुतेक प्रेबेन. टोर्किल लोकांना हातानंच बाहेर जायच्या खुणा करू लागला, आणि माणसं पावलं न वाजवता निघाली. माझा हात अजून डोक्यावरच होता. खाली घेतला तर सगळं संपेल असं वाटत होतं.

"आई, हात खाली घे. दुखेल."

आई म्हणाली ती. मी हात खाली घेतला.

आस्टानं डावा खांदा गोल फिरवला, तोंड वाकडं केलं. "यात कापूस घातलायस ना?"

"हो."

"तीन दिवस टोचतोय. बोटीवर कोणी बघत नाही माझ्या खांद्याकडे, आणि मलाही त्याचं काही वाटत नाही. तुला वाटतं."

"मग कागदावर का लिहिलंस?"

ती खिडकीकडे पाहत होती. "तुला कळावं म्हणून लिहिलं," ती म्हणाली. "आणि मग वाटलं, कशाला लिहिलं."

माझ्या कमरेच्या डबीत सुई आणि छोटी कात्री कायम असते, बाईसाहेब असले तरी. मी म्हटलं, "काढू?" ती माझ्यासमोर फरशीवर बसली, पाठ माझ्याकडे करून, लहानपणी वेणी घालायला बसायची तशी. मी चोळीची आतली शिवण उसवली. टाके बारीक होते, माझेच, एकेक करून कापायला वेळ लागला, आणि मी मुद्दाम घाई केली नाही. तिच्या मानेला मिठाच्या वाऱ्यानं रापल्याचा रंग चढला होता.

गादी बाहेर काढली तसा तिचा खांदा बोटभर खाली आला. मी तो तसाच राहू दिला आणि शिवण पुन्हा घातली.